पळायचं मिनिटांवर, मोजायचं किलोमीटरमध्ये

पहिल्या दिवशी मी बरोबर २०० मीटर पळालो. हा आकडा अंदाजपंचे नाही. राष्ट्रीय महामार्गावर दोन किलोमीटर-दगडांच्या मधे दर २०० मीटरला एक बुटका दगड रोवलेला असतो, त्यावर २, ४, ६, ८ असे आकडे असतात. परभणीच्या वसमत रस्त्याला मी ४ च्या दगडापासून निघालो आणि ६ च्या दगडावर हात टेकून उभा राहिलो. छातीचा भाता झाला होता. तेवढ्यात बाजूनं भरतीची पोरं गेली. मराठवाड्यात कुठल्याही तालुक्याच्या गावी पहाटे बाहेर पडा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी रस्त्याच्या कडेनं पळताना दिसणारच. मैदानीला पोरांना १६०० मीटर असतात, पोरींना ८००. त्यातला एक जण माझ्याकडं बघून थांबला, "काका, पाणी देऊ का?" म्हणाला आणि बाटली पुढं केली. मी ती घेतली. लाजण्याइतका दम शिल्लक नव्हता.

मी मोजणी खात्यातला माणूस. बांध फूटभर सरकला म्हणून तीन पिढ्या कोर्टात भांडणारी माणसं मी रोज बघतो, आणि माझं स्वतःचं पोट फूटभर हद्दीबाहेर आलेलं मला दिसलं नव्हतं. वय ४६, उंची १७० सेंटिमीटर, वजन ८६. कंबर टेपनं मोजली तर १०२ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांसाठी डॉक्टर ९० ची हद्द सांगतात, बायकांसाठी ८०. हे अतिक्रमण कसं काढायचं याचा मग मी खात्याच्या पद्धतीनंच विचार केला. आधी मोजणी, मग बाकीचं. त्यातून जे कळलं ते इथं सांगतो.

किती पळालं की किती उतरतं

सगळे पहिल्यांदा हेच विचारतात. एक किलोमीटर पळायला, वजनाच्या दर किलोमागं साधारण एक कॅलरी लागते. (आपण बोलताना जिला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेली असते तीच.) माझं वजन ८६, म्हणून मला किलोमीटरला ८६ कॅलरी. तीन किलोमीटरला २५८.

यात वेग कुठं आला? जवळपास कुठंच नाही. किलोमीटर सहा मिनिटांत पळा की नऊ, खर्च थोडाफार तेवढाच. जोरात पळणाऱ्याला दर मिनिटाला जास्त ऊर्जा लागते, पण त्याची मिनिटंही कमी असतात, म्हणून गोळाबेरीज तिथंच येते. चालण्याचा हिशेब वेगळा. पळताना दर पावलाला सगळं अंग जमिनीवरून उचललं जातं, चालताना तसं होत नाही, त्यामुळं तेच अंतर चाललं तर खर्च अंदाजे पाऊणपट. म्हणजे वजनासाठी पळणाऱ्याच्या खातेवहीत जमा होतात ते किलोमीटर. मिनिटाला किती धाप लागली, घाम किती गळाला, याची नोंद तिथं होत नाही. अंतर नीट मोजण्याला मी एवढं महत्त्व देतो ते याचसाठी.

आता खर्चाची बाजू. अंगावरची एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० कॅलरी. भागिले ८६. उत्तर येतं ९० किलोमीटर. एक किलो उतरवायला मला परभणीहून पळत निघून नांदेडच्याही पुढं जावं लागेल. वर आणखी एक वजावट आहे. तीन किलोमीटरला लागणाऱ्या पंचवीस मिनिटांत मी नुसता खुर्चीत बसलो असतो तरी पस्तीसेक कॅलरी गेल्याच असत्या, म्हणून २५८ मधली माझी खरी कमाई सव्वादोनशेच्या आसपास.

सव्वादोनशे म्हणजे काय ते ताटात बघा. तेलाचा एक मोठा चमचा, १५ मिलिलिटर, सव्वाशे कॅलरी. मूठभर शेंगदाणे, ३० ग्रॅम, १७०. साखरेचा लहान चमचा २०, आणि आपण चहात दोन घालतो, चहा दिवसातून पाच वेळा होतो, म्हणजे नुसती साखरच २००. पळून आल्यावर चौकात सुशीला (आमच्याकडचा मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि वर चार भजी खाल्ली की सकाळचा हिशेब बरोबर होऊन थोडी उधारीच चढते. मी पहिला महिनाभर हेच केलं. वजन ८६ वरून ८६.४ झालं.

मग पळायचं कशाला, जेवणच कमी करू, असं माझा मेहुणा म्हणतो, आणि वजनाच्या काट्यापुरतं त्याचं खरं आहे. पण नुसत्या उपासानं उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात. आणि एकदा उतरलेलं वजन पुन्हा चढू न देण्यात चालण्यापळण्याचा वाटा मोठा असतो. शिवाय पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठणारी चरबी व्यायामानं कमी होते, आणि पळणारा स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेतो. घरात दोघांना साखरेचा आजार असलेल्या माणसाला हे शेवटचं वाक्य पुरेसं होतं.

एक गोष्ट मात्र सांगतो. पोटाला प्लास्टिक गुंडाळून, वर जाड जर्किन घालून उन्हात पळणारे लोक मी बघितलेत. त्यांना वाटतं चरबी वितळते. त्यानं घाम जातो, आणि घामाचं वजन तांब्याभर पाण्यानं परत येतं. पोटाची चरबी पोट हलवून जात नाही, ती सगळ्या अंगाची जायची तेव्हा, तिच्या क्रमानं जाते. आपल्याकडच्या उन्हात असलं गुंडाळणं म्हणजे उष्माघाताला आमंत्रण.

काटा का नाचतो

मोजणीत आम्ही एका वाचनावर हद्द ठरवत नाही. वजनाच्या काट्यावर मात्र सगळे एका वाचनावर हसतात किंवा रडतात.

स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. त्याचा एक ग्रॅम साठवताना अंदाजे तीन ग्रॅम पाणी सोबत बांधलं जातं. जेवण कमी केलं की पहिल्या आठवड्यात हा साठा घटतो, पाणी सुटतं आणि काटा दीडदोन किलो उतरतो. तेव्हा पेढे वाटू नका. उलटंही होतं: नव्यानं पळायला लागलं की ठणकणारे स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरून ठेवतात, आणि पहिल्या दोनतीन आठवड्यांत वजन हलत नाही किंवा वाढतं. पुष्कळ जण इथंच सोडतात. रात्री खारट खाल्लं, तरी सकाळी किलोभर फरक.

म्हणून रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर, एकाच काट्यावर वजन करावं आणि सात दिवसांची सरासरी काढावी. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघायची, बाकीचे आकडे विसरायचे. काटा फरशीवर ठेवा, गादीवर किंवा चटईवर नको. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून. श्वास ओढून घेतलेलं माप मोजणीत धरत नाहीत.

नवख्यानं मिनिटं का पाळावीत

आता इथं थोडं उलटं बोलतो. खातेवहीत किलोमीटर लिहायचे हे खरं, पण सकाळी घराबाहेर पडताना किलोमीटरचं लक्ष्य ठेवून पडू नये. "आज तीन पूर्ण करायचेच" म्हटलं की माणूस लवकर संपवण्यासाठी जोरात पळतो. आणि हृदय-फुप्फुसं काही आठवड्यांत सुधारतात, पण पोटरीच्या, टाचेच्या शिरा आणि हाडं घट्ट व्हायला महिने घेतात. दम सुधारतो म्हणून माणूस वाढवत जातो आणि पाय मागं राहतात. पळताना दर पावलाला वजनाच्या दोन-अडीच पट भार एका पायावर येतो. माझ्या बाबतीत जवळजवळ दोन पोती, आणि किलोमीटरला हजाराच्या वर पावलं. नडगीची आतली बाजू दुखायला लागते ती अशानं.

मिनिटांचं सोपं आहे. मंद पळणारा आणि बरा पळणारा दोघेही २० मिनिटंच पळतात, घाई करून काही फायदा होत नाही. नवख्यांसाठी १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकी माणसानं नऊ आठवड्यांचा एक आराखडा केला, तो आता जगभर वापरतात. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं भरभर चालायचं, मग ६० सेकंद पळायचं, ९० सेकंद चालायचं, असं एकूण २० मिनिटं. पुढं पळण्याचा तुकडा वाढत जातो आणि शेवटी सलग अर्धा तास. मला नवाचे सोळा आठवडे लागले. चौथा आठवडा मी तीनदा केला. कुणी परीक्षा घेत नाही.

वेग किती ठेवायचा? पळता पळता घरचा पत्ता पिनकोडसकट एका दमात सांगता आला पाहिजे. "मु. पो." वरच अडकलात तर वेग जास्त आहे. सुरुवातीला असा वेग भरभर चालण्याइतकाच येतो, बघणाऱ्याला हसू येतं. आमच्या गल्लीतल्या आजी अजून विचारतात, कोण मागं लागलंय म्हणून.

वेग सांगायची पळणाऱ्यांची रीतही वेगळी. गाडीसारखं तासाला किती असं सांगत नाहीत, किलोमीटरला किती मिनिटं असं सांगतात. माझा आजचा वेग आठ मिनिटं. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे, आपल्या बीडचा, त्यानं २०२० साली दिल्लीत अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पळली. अंतर २१ किलोमीटर ९७.५ मीटर, म्हणजे किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद, तेही एकवीस वेळा. मी एक पळेपर्यंत त्याचे पावणेतीन होतात. हे तुलनेसाठी सांगत नाही, आकडा अंगावर यावा म्हणून सांगतो.

गुडघ्यांचं सगळे विचारतात. २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या एका पाहणीत हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघ्या-खुब्याची झीज ३.५ टक्के आढळली, आणि न पळता बसून राहणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के. यावरून पळण्यानं गुडघे सुधारतात असं सिद्ध होत नाही, ज्यांचे गुडघे मुळात चांगले तेच पळत राहिले असतील. पण हौशीनं पळून गुडघे जातातच, ही समजूत त्यातून टिकत नाही. आधीच गुडघा सुजत असेल, रक्तदाब किंवा साखरेच्या गोळ्या-इंजेक्शन चालू असतील, चालताना छातीत दाटून येत असेल, तर मात्र आधी डॉक्टर. साखरेच्या काही औषधांवर पळताना साखर एकदम खाली येऊ शकते. वजन फारच जास्त असेल तर दोन महिने नुसतं चालावं, त्यात कमीपणा काही नाही. तुळजापूरला पायी जाणाऱ्या बाया कधी पळतात?

फोनला अंतर कळतं कसं

हा माझ्या आवडीचा भाग, थोडा लांबेल.

शेतात असताना वीज चमकली की आपण मोजतो. लखलखाट आणि गडगडाट यांच्यात तीन सेकंद गेले तर वीज किलोमीटरभर लांब पडली. आवाजाचा वेग माहीत आहे, वेळ मोजली, अंतर निघालं. जीपीएस नेमकं हेच करतं. जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर तीसेक उपग्रह फिरत असतात. प्रत्येक जण सतत सांगत असतो, मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत. तो संदेश रेडिओलहरीनं, म्हणजे सेकंदाला ३ लाख किलोमीटर वेगानं येतो. फोन बघतो की संदेशाला यायला किती वेळ लागला, आणि त्यावरून त्या उपग्रहापासूनचं अंतर काढतो.

एका उपग्रहाचं अंतर कळलं तर तुम्ही एका मोठ्या गोलावर कुठंतरी आहात. दुसऱ्याचं कळलं की दोन गोल एकमेकांना छेदतात ते वर्तुळ उरतं. तिसऱ्यानं दोन ठिकाणं उरतात, त्यातलं एक अवकाशात असतं म्हणून सोडून द्यायचं. मग चौथा कशाला? घड्याळासाठी. वेळ मोजण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर अंतर ३०० मीटरनं चुकतं. उपग्रहांवर अणुघड्याळं आहेत, तुमच्या फोनमध्ये स्वस्तातलं स्फटिक. ते किती चुकतंय हे शोधायला चौथ्या उपग्रहाचं वाचन लागतं. ठाऊक असलेल्या खुणांवरून न ठाऊक असलेली जागा काढायची, हे आमचंच काम. विल्यम लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासहून त्रिकोण आखत आखत हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली आणि १८२३ साली हिंगणघाटला तो वारला. त्याचे त्रिकोण जमिनीवर होते, हे आकाशात.

मोकळ्या आभाळाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरच्या आत जागा सांगतो. आता गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. पाच मीटरच्या चुकीत अर्धा गुंठा इकडचा तिकडं जाईल आणि कुऱ्हाडी निघतील. म्हणून मोजणीला आम्ही जो रोव्हर नेतो तो उपग्रहांचं तर ऐकतोच, शिवाय जमिनीवर पक्क्या बसवलेल्या केंद्राकडून दुरुस्तीही घेतो. त्या केंद्राची खरी जागा माहीत असते, म्हणून उपग्रहांचा संदेश आत्ता किती चुकतोय हे त्याला कळतं. त्यामुळं रोव्हर दोनचार सेंटिमीटरवर येतो. तुमच्या खिशातल्या फोनला ते जमत नाही, आणि पळायला त्याची गरजही नाही. फक्त तो कुठं चुकतो ते माहीत असावं.

फोन तुमचा रस्ता बघत नाही. तो दर एकदोन सेकंदांनी एक ठिपका टाकतो आणि ठिपके सरळ रेषेनं जोडतो. वळणावर दोन ठिपक्यांच्या मधला बाक कापला जातो, अंतर कमी भरतं. उलट, प्रत्येक ठिपका थोडा डावीउजवीकडं पडला की सरळ रस्त्याची रेषा नागमोडी होते आणि अंतर जास्त भरतं. उंच इमारतींच्या गल्लीत लहरी भिंतींवर आपटून येतात, जास्त वेळ घेतात, आणि फोनला वाटतं तुम्ही पलीकडच्या गल्लीत आहात. कृषी विद्यापीठाच्या बाजूला दाट झाडीत पळालो की माझी रेषा नांगरलेल्या शेतासारखी दिसते. चहाच्या टपरीवर थांबलात आणि ॲप चालूच राहिलं, तर ठिपके जागेवरच भटकत राहतात. एकदा मी चहा पिता पिता १४० मीटर पळालो.

यावर उपाय साधे आहेत. ॲप उघडून मोकळ्यावर अर्धा मिनिट उभं राहा, जागा पक्की होऊ द्या, मग निघा. नाहीतर पहिले दोनशे मीटर गेलेच. थांबलं की आपोआप थांबायची सोय असते, ती चालू करा. आणि सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट: फोन बॅटरी वाचवायला मागचं ॲप झोपवतो. मग घर ते वळण अशी एकच सरळ रेषा येते आणि पाच किलोमीटरचे साडेतीन होतात. फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपवरचं बॅटरीचं बंधन काढून टाका. एकाच फोनवर दोन ॲप वेगवेगळं अंतर दाखवतात, कारण नागमोडी रेषा किती सरळ करायची हे प्रत्येक जण आपापलं ठरवतो. म्हणून एकच ॲप धरा. चुकलं तरी रोज सारखंच चुकेल, आणि तुलना करता येईल.

पावलांवरून अंतर सांगणारी यंत्रं आणखी ढोबळ. त्यातला संवेदक हिसके मोजतो आणि प्रत्येक हिसक्याला ठरावीक लांबीनं गुणतो. चालताना माझं पाऊल ७२ सेंटिमीटर पडतं, पळताना त्याहून लांब, आणि यंत्राला दोन्ही एकच. आमच्या खड्ड्यांच्या रस्त्यावरून मोटारसायकलनं तालुक्याला जाऊन आलो तर फोन माझं अभिनंदन करतो. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा सगळे सांगतात, तो १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून पसरला. त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचं यंत्र. तपासणीतून निघालेली हद्द ती नव्हे.

आणि कॅलरीचा आकडा तर बघूच नका. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात मनगटावरची सात यंत्रं तपासली. नाडीचे ठोके सहांनी पाच टक्क्यांच्या आत दाखवले. कॅलरीत सगळ्यात चांगलं यंत्रही सरासरी २७ टक्के चुकलं, सगळ्यात वाईट ९३ टक्के. त्या आकड्यावर विश्वासून जिलेबी खाणाऱ्याचं काय होईल सांगा. वजन गुणिले किलोमीटर, हा तोंडी हिशेब त्याहून बरा.

फोन नसला तर

भरतीची पोरं कुठं फोन घेऊन पळतात? महामार्गाचे २०० मीटरचे दगड आहेत. मी माझा फोन त्यांच्याशीच ताडून बघितला, दोन किलोमीटरला साठ-सत्तर मीटर जास्त दाखवतो. रस्ता रुंद करताना किंवा वळण काढताना दगड हललेले असू शकतात, म्हणून एकाच दगडाच्या भरवशावर राहू नका, चारपाच सलग घ्या.

मैदानाचा पट्टा असेल तर उत्तम, पण त्यात एक मेख आहे. ४०० मीटरचा फेरा फक्त सगळ्यात आतल्या पट्टीत भरतो. पट्टी १.२२ मीटर रुंद असते, म्हणून बाहेरच्या प्रत्येक पट्टीला फेरा ७.६७ मीटरनं वाढतो. आठव्या पट्टीत तो ४५३ मीटरच्या वर जातो. बारा फेऱ्यांना आत ४.८ किलोमीटर होतात, बाहेर ५.४. आतली पट्टी जोरात पळणाऱ्यांसाठी सोडून बाहेरून फिरणाऱ्या सज्जनांनी हे सहाशे मीटर आपल्या खात्यात धरायला हरकत नाही. शाळेच्या मैदानावर आखलेला फेरा बहुधा २०० मीटरचा असतो, तो साखळीनं मोजून घ्या. आमचे आजोबा अंतर कोसात सांगायचे, एक कोस म्हणजे तीन किलोमीटरच्या आसपास. दोन कोस पळालो म्हटलं की घरात अजून मान मिळतो.

ऊन, माती, ट्रॉल्या

एप्रिल-मेत पारा चाळिसाच्या वर असतो. मेमध्ये सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, त्याआधी निघून साडेसहाला घरात. उन्हाची अंगाला सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, तोवर मिनिटं निम्मी. डोकं गरगरलं, घाम येणं थांबलं, की तिथंच सावलीत बसा. पळण्याआधी आणि नंतर वजन केलं तर जो फरक येतो ते सगळं पाणी, तेवढं प्या. डिसेंबरात उलटं, उजाडायला सात वाजतात आणि आमच्याकडं थंडी बोचते. त्यात साखर कारखान्यांचा हंगाम, उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा असेलच असं नाही. म्हणून उजव्या कडेनं, समोरून येणारी गाडी दिसेल असं पळायचं, आणि कपडे पांढरे. पावसाळ्यात शेतरस्त्याला जाऊ नका. काळी माती बुटाला धरते आणि दहा पावलांत पायाला किलोभराचा दगड बांधल्यासारखं होतं.

बूट संध्याकाळी घ्यावेत, तेव्हा पाय थोडे फुगलेले असतात. अंगठ्यापुढं बोटभर जागा हवी. पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये तळ बसतो, म्हणून बुटाच्या आतल्या बाजूला पेननं तारीख लिहून ठेवली आहे.

आठ महिने झाले. वहीची बेरीज ३८५ किलोमीटर, वजन ८६ चं ७७. बसल्या जागचा खर्च वजा करून रस्त्यानं साडेतीन किलो नेले असं कागदावर निघतं. उरलेले साडेपाच ताटानं, आणि दिवसाला पाडलं तर ते दीड मोठा चमचा तेल भरतं. तेलाची बुधली बायकोनं वरच्या फळीवर ठेवली, हे वहीत नाही. वहीतली परवाची नोंद अशी:

मंगळवार. ३० मिनिटं. फोन ३.९, दगड ३.८, दगडाचं धरलं. सकाळी ७७.२. डावी नडगी ठीक. रात्री मेहुण्याकडं हुरडा, गूळ, शेंगदाण्याची चटणी. मोजली नाही.